भैकेरांची ओळख

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की ज्या घराच्या परसात चार हात लांबीचा का होईना, पण पाणी धरून ठेवणारा एखादा खळगा आहे, त्या घरच्या माणसांना आठवड्या-दोन आठवड्यांत असे आढळून येते, की परवापर्यंत ज्या पाण्यात शेवाळाखेरीज काही नव्हते त्याच पाण्यात आज शेकडो काळे-करडे ठिपके शेपट्या हलवीत फिरत आहेत. मुले त्यांना मासे म्हणतात, वडीलमंडळी बेडकांची पिल्ले म्हणून विषय संपवतात, आणि शाळेत जीवशास्त्र शिकलेला एखादा त्यांना भैकेर हे ग्रांथिक नाव देतो. परंतु हे भैकेर नेमके कोणत्या बेडकाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर परसातल्या परसात, एक पांढरी बशी, एक काचेचा पेला आणि एक साधे भिंग एवढ्या सामग्रीवर बऱ्याच अंशी मिळू शकते, हे स्वानुभवाने सांगण्यासाठी हे प्रकरण लिहीत आहे.

आमच्या कोकणातल्या घरामागे विहिरीला लागून जांभ्याच्या चिऱ्यांची एक डोण आहे, आणि डोणीच्या पलीकडे, पोफळींच्या आगराकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर, पावसाळ्यात भरणारे आणि दिवाळीच्या सुमारास आटून जाणारे एक लहानसे तळे आहे. या दोन पाण्यांत आढळणाऱ्या जीवांची मी एक नोंदवही ठेवतो. तिच्या पहिल्याच पावसाळ्याच्या पानावर, इतर नोंदींच्या खाली, ‘तपकिरी, तळाशी, गाळाच्या रंगाचे, ओळख शिल्लक’ असा एक शेरा आहे, आणि तो शेरा पुसण्याइतकी खातरजमा होण्यासाठी मला पुढे दोन पावसाळे थांबावे लागले.

ओळख पटविण्याच्या कामी पहिला अडथळा येतो तो आपल्याच मनातील एका समजुतीचा. शालेय पुस्तकातील जीवनचक्राच्या आकृतीने आपल्या मनावर असे बिंबविलेले असते, की भैकेर म्हणजे अर्धवट घडलेला बेडूक होय. आणि म्हणून आपण त्याच्या अंगावर बेडकाच्या खुणा शोधू लागतो, त्या सापडत नाहीत, आणि सगळे भैकेर सारखेच दिसतात असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. वस्तुतः बेडूक ज्या खुणांवरून ओळखला जातो, म्हणजे त्वचेवरील रेषा, बोटांमधील पडदे, कानाचा पडदा आणि नराचा आवाज, त्यांपैकी एकही खूण भैकेराच्या ठायी नसते. कारण भैकेर हा आपल्या परीने एक परिपूर्ण जलचर असून त्याचा व्यवसाय, त्याचा आहार आणि पाण्यातील त्याचे ठाणे ही सर्वस्वी त्याची स्वतःची आहेत. तो कुठे उभा राहतो आणि कशा तोंडाने काय खातो, या दोन प्रश्नांत त्याची ओळख दडलेली आहे. रंग हा त्याचा सर्वांत कच्चा पुरावा, कारण गढूळ पाण्यातला भैकेर फिका पडतो आणि तोच पानाच्या सावलीत, काळोख्या तळावर राहिला तर गडद होतो.

तत्पूर्वी एक साधी खातरजमा करून घ्यावी, ती म्हणजे समोरचा जीव भैकेरच आहे याची. माशाच्या पिल्लाला, ते कितीही लहान असो, कल्ल्यांच्या झाकणामागे दोन बाजूंना दोन पर असतात आणि शेपटीच्या परात बारीक काड्यांसारखे किरण दिसतात. भैकेराचे डोके आणि पोट मिळून एकच अंडाकृती गोळा झालेला असतो, त्याला जोडीचे पर नसतात, आणि शेपटीच्या वर-खाली असलेली झालर नुसत्या पातळ त्वचेची असते.

पाण्यात भैकेर दिसण्याच्या आधीच जो लक्ष ठेवील त्याला अर्धी ओळख आयती मिळते, कारण अंडी घालण्याची रीत प्रत्येक घराण्याची निराळी आहे. पाणवनस्पतींच्या देठांभोवती पारदर्शक सरसाच्या लांबच लांब दोऱ्या गुंडाळलेल्या असून त्यांत काळी अंडी मोहरीच्या माळेसारखी ओवलेली दिसली, तर ती भेकाची, म्हणजे आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येणाऱ्या त्या खरबरीत पाठीच्या प्राण्याची, हे खुशाल समजावे. पाण्याच्या पृष्ठभागावर अंड्यांचा एकपदरी, सायीसारखा पातळ थर पसरलेला असेल तर तो चिमुकल्या अरुंदमुखी बेडकांचा होय. आणि पाण्याच्या वर, डोणीच्या भिंतीला किंवा पाण्यावर वाकलेल्या अळवाच्या पानाला, साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला दिसला, तर तो झाडबेडकाचा. मादी अंडी घालताना सोबत स्रवणारा द्रव मागच्या पायांनी घुसळून हा फेस बनविते. बाहेरून तो वाळून तपकिरी पापुद्रा धरतो, आत ओल टिकून राहते, आणि आतली पिल्ले पोहण्याजोगी झाली की खालचा भाग पातळ होऊन ती थेंबाथेंबाने पाण्यात उतरतात. ज्या झाडबेडकाचा हा फेस आमच्या डोणीवर दर वर्षी लागतो त्याला इंग्रज लेखकांनी ‘चुनाम’ बेडूक म्हटले, ते चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतींवर तो चढून बसतो म्हणून. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस.

अंड्यांचा हंगाम चुकला आणि एकदम भैकेरच समोर आले, तर घाईने ते पकडायला जाऊ नये. सकाळचे ऊन पाण्यावर तिरपे पडले असताना काठाशी उकिडवे बसावे आणि अर्धा तास नुसते पाहावे. पहिल्याने नजरेत भरतात ते भेकाचे भैकेर: अंगाने लहान, कोळशासारखे काळे, शेपटीची झालर तेवढी पारदर्शक, आणि वागण्यात असे संघनिष्ठ, की शेकडोंचा जमाव एखाद्या काळ्या ढगासारखा उथळ, उन्हाने तापलेल्या काठाकाठाने सरकत असतो. ही गर्दी निव्वळ योगायोगाची नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एस. के. सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की भेकाची ही इवलीशी पिल्ले आपल्याच अंड्यांच्या माळेतून जन्मलेल्या भावंडांना परक्यांपासून वेगळी ओळखू शकतात आणि त्यांच्या सान्निध्यात राहणे पसंत करतात. ज्या जीवाकडे आपण बोटाच्या पेरापेक्षा लहान म्हणून दुर्लक्ष करतो, त्याला आपली आप्तमंडळी ओळखू येतात, हे वाचल्यापासून त्या काळ्या ढगाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

या गर्दीच्या वर, मधल्या पाण्यात, नीट निरखल्याशिवाय दिसणार नाहीत असे काही काचेचे जीव अधांतरी उभे असतात. ते पुढेही जात नाहीत आणि मागेही येत नाहीत; केवळ शेपटीचे केसासारखे टोक अतिशय वेगाने थरथरत असते, आणि त्या थरथरीवर तो पारदर्शक देह पाण्यात एके जागी तोलला जातो. हे अरुंदमुखी बेडकांच्या मायक्रोहायला या वंशाचे भैकेर. मागच्या वर्षी शेजारच्या सातवीतल्या मुलीने असला एक भैकेर पेल्यात घेऊन तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ भिंगातून पाहिला, आणि मला म्हणाली, “आजोबा, ह्याला तोंडच नाही.” मी म्हटले, “तोंड आहे गो, दात नाहीत.” तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते, आणि नकळत तिने भैकेरांच्या वर्गीकरणातील मुख्य सूत्रावरच बोट ठेवले होते.

ते सूत्र समजून घेण्यासाठी भैकेराचे तोंड जवळून पाहायला हवे. त्याकरिता तो थोड्या पाण्यासकट अरुंद काचेच्या पेल्यात घ्यावा आणि तो काचेला लागलेले शेवाळ खरवडू लागेपर्यंत थांबावे. मग काचेच्या बाहेरून भिंग लावले, की त्याच्या तोंडाचा सगळा कारखाना चालू स्थितीत दिसतो. मध्ये पोपटाच्या चोचीसारखी, काळ्या किनारीची, करवतीदार अशी दोन शृंगमय पाती एकमेकांवर मिटतात. त्यांच्या वर आणि खाली ओठांच्या मांसल घडीवर बारीक काळ्या दातांच्या रांगा असतात. आणि ओठांच्या कडेला मऊ अंकुरांची किनार असते. हे दात हाडांचे नसून आपल्या नखांच्या द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे, असतात. प्रत्येक मिटकीला वरच्या रांगा काचेवर टेकतात, खालच्या रांगा ओढल्या जातात, आणि शेवाळाच्या हिरव्या पापुद्र्यावर नखाएवढ्या रुंदीची स्वच्छ वाट उमटते. अभ्यासक या रांगांची गणना अपूर्णांकासारखी लिहितात: वरच्या ओठावरील रांगा अंशस्थानी, खालच्या ओठावरील छेदस्थानी. भेकाच्या भैकेराला वर दोन आणि खाली तीन रांगा असतात, आणि त्याची नोंद २/३ अशी होते. मायक्रोहायलाच्या भैकेराला मात्र चोच नाही, रांगाही नाहीत. तो खरवडीत नाही, पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खातो. म्हणूनच तो काठाला वा तळाला चिकटून न राहता मधल्या पाण्यात उभा असतो.

दुसरी खूण श्वासरंध्राची. भैकेर तोंडाने पाणी घेतो, ते आतल्या कल्ल्यांवरून जाते आणि एका लहानशा छिद्रावाटे बाहेर पडते; पेला उजेडात धरला असता गाळाचे कण त्या छिद्रातून फेकले जाताना दिसतात. आपल्याकडील बहुतेक भैकेरांत हे छिद्र अंगाच्या डाव्या बाजूला असते, अरुंदमुखींत ते पोटाच्या मध्यरेषेवर, मागच्या बाजूस असते. ग्रेस ऑर्टन या विदुषीने १९५३ साली तोंडातील शृंगमय अवयव आणि श्वासरंध्राची जागा एवढ्या दोन गोष्टींवरून जगातील सर्व भैकेरांचे चार प्रकार पाडले. परसातील तळ्यात त्यांपैकी दोनच भेटतात: चोच असलेले आणि डावे रंध्र असलेले एक, बिनचोचीचे आणि मध्यरंध्राचे दुसरे. एवढ्यावरूनच अरुंदमुखींचे घराणे इतर सर्वांपासून निःसंशय वेगळे काढता येते.

हिंदुस्थानात या कामाचा पाया घालणाऱ्यांत नेल्सन अ‍ॅनन्डेल यांचे नाव अग्रभागी येते. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे ते पहिले संचालक, आणि एवढ्या मोठ्या खात्याचा कारभार सांभाळूनही दक्षिणेतील डोंगरांमधल्या भैकेरांच्या ओठांच्या आकृत्या काढीत बसणारे विद्वान. बंगळूरचे सी. आर. नारायण राव यांनी त्याच सुमारास हेच कार्य चालविले होते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून चार्ल्स मॅक्कॅन यांनी आपल्या भागातील बेडकांच्या सवयींवर लिहिलेले लेख आजही परसातल्या निरीक्षकाला उपयोगी पडावेत असे आहेत, कारण त्यांत संग्रहालयातील बाटलीपेक्षा पावसातले डबके अधिक आहे.

तळ्याकडे परत वळू. झाडबेडकाचे भैकेर ओळखणे सर्वांत सोपे. त्यांच्या मुस्कटाच्या अगदी टोकावर एक रुपेरी-पांढरा ठिपका असतो, आणि वरून पाहताना तो गढूळ पाण्यातही टिकलीसारखा चमकतो. डोळे माथ्यावर नसून डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. डोणीच्या भिंतीवर फेस पाहिलेला असेल आणि पंधरवड्याने पाण्यात असे टिकलीवाले भैकेर दिसले, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

तळ्यातील मोठ्या, ऑलिव्ह-तपकिरी, भक्कम शेपटीच्या भैकेराची गोष्ट वेगळी. हा होप्लोबॅट्राकस टायगेरिनस या आपल्या सर्वांत मोठ्या बेडकाचा, ज्याचे नर पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळे होऊन गळ्याच्या दोन निळ्या फुग्यांनी सारे शिवार दणाणून सोडतात, आणि ज्याच्या मांड्या परदेशी पाठविण्याचा व्यापार सरकारने १९८७ साली बंद केला. याचा भैकेर शेवाळ खरवडणारा नव्हे. तो शिकारी आहे. त्याची चोच जाड आणि टोकदार, दातांच्या रांगा भेकापेक्षा अधिक. डासांच्या अळ्या तो खातोच, पण इतर बेडकांचे भैकेरही खातो, आणि प्रसंगी आपल्या भावंडांनाही सोडीत नाही. पहिल्या वर्षी अज्ञानाने मी एक असा भैकेर वीस-पंचवीस काळ्या भैकेरांबरोबर एकाच घंगाळात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काळे अवघे नऊ उरले होते. अंदमानात माणसांनी नेल्यामुळे हा बेडूक पसरला, आणि तेथील मूळच्या बेडकांच्या भैकेरांना याच्या भैकेरांपासून मोठाच धोका उत्पन्न झाला आहे. आपल्या मुलखात जो मानाचा रहिवासी, तोच हद्द ओलांडल्यावर परक्या पाण्याला कसा जड होतो, याचे हे उदाहरण.

विहिरीच्या पाण्यात आणि बारमाही तळ्यांत जवळजवळ वर्षभर दिसणारा, ठिपकेदार शेपटीचा, मोठासा भैकेर बहुधा युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिसचा असतो, म्हणजे आपण काठाशी गेलो की पाण्यावरून टणाटण उड्या मारीत दूर जाणाऱ्या त्या नेहमीच्या बेडकाचा. दिवाळीनंतर, माघात किंवा चैत्रात भैकेर दिसला तर प्रथम याचाच विचार करावा.

आणि सह्याद्रीत असेही भैकेर आहेत, की ज्यांना तळे लागतच नाही. इंदिराना वंशाच्या बेडकांचे भैकेर पावसाळ्यात पाझरणाऱ्या कड्यांच्या ओल्या खडकावर, पाण्याच्या केवळ पातळ थरात राहतात. शेपटी लांब व निमुळती, मागचे पाय लवकर फुटलेले, आणि हात लावायला गेले तर ते पोहत नाहीत, खडकावरून उडी मारतात. आंबोलीच्या सड्यावर, जांभ्याच्या कातळातील उथळ डबक्यांत, झँथोफ्रायन टायगेरिना हा पिवळा पट्टेदार भेक अंडी घालतो. २००९ साली प्रथम वर्णिला गेलेला हा प्राणी जगात फक्त त्या परिसरात सापडतो. त्या डबक्यातल्या भैकेरांना कोणी पर्यटकाने कुतूहलापोटीही बाटलीत भरू नये, हे मी येथे आग्रहाने सांगतो.

परसातले सामान्य भैकेर वाढवून पाहायला हरकत नाही, परंतु त्यालाही काही शिस्त हवी. चार-पाचच घ्यावेत, पाणी त्याच तळ्याचे किंवा पावसाचे असावे, क्लोरिन घातलेल्या नळाचे नको, उकडलेले माठाचे पान थोडेथोडे द्यावे आणि उरलेले कुजण्याआधी काढावे. वाढीची नोंद ठेवताना केनेथ गॉस्नर याने १९६० साली सिद्ध केलेल्या तक्त्याचा आधार घ्यावा. त्याने अंड्यापासून पूर्ण बेडकापर्यंतचा प्रवास ४६ टप्प्यांत विभागला आहे, आणि जगभरचे अभ्यासक आजही तोच वापरतात. तोंडाची तपासणी मधल्या टप्प्यांतच करून घ्यावी, कारण ४२व्या टप्प्यापाशी पुढचे पाय बाहेर येतात तेव्हा चोच आणि दात गळून पडतात, आणि वर वर्णिलेली सारी खूण नाहीशी होते. पुढचे पाय मुळात झाकणाखाली आधीच तयार असतात. डावा हात पुष्कळदा त्या श्वासरंध्रातूनच बाहेर येतो, उजवा त्वचेला नवे भोक पाडून. मग काही दिवस तो काही खात नाही, आपलीच शेपटी आतल्या आत शोषून तिच्यावर गुजराण करतो. या वेळी भांड्यात एक उतरता दगड ठेवलाच पाहिजे, नाही तर कल्ले गमावलेला तो जीव पाण्यात असूनही गुदमरून मरतो.

हे सारे स्थित्यंतर घडवून आणणारी कळ गळ्यातील अवटू ग्रंथीत आहे. १९१२ साली गुडरनाच याने भैकेरांना घोड्याची अवटू ग्रंथी खाऊ घातली तेव्हा ते अकालीच, माशीएवढे बेडूक बनले. पुढे ती ग्रंथी काढून टाकलेले भैकेर बेडूक न बनता वाढतच राहिले, असे बेनेट अ‍ॅलन याने दाखविले.

पाळलेले भैकेर सोडायचे ते ज्या पाण्यातून आणले त्याच पाण्यात. दुसऱ्या गावाच्या तळ्यात सोडले तर आपण त्यांच्यासंगे रोगही पाठवीत असू: १९९९ साली शास्त्रीय नाव मिळालेली कायट्रिड ही बुरशी, जिने जगाच्या अनेक भागांतील बेडकांचा संहार केला, ती भैकेराच्या तोंडातील त्याच केराटिनच्या दातांत मुक्काम करून राहते. उलट दिशेने, तळ्यात बाहेरचे काही आणून टाकू नये. डासांच्या बंदोबस्तासाठी १९२८ साली आपल्या देशात आणलेले गॅम्बुशिया मासे आमच्या शेजारच्या एका विहिरीत कोणी हौसेने सोडले, तेव्हापासून त्या विहिरीत मी भैकेर पाहिलेला नाही. तो मासा डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि कोवळे भैकेरही खातो, आणि डासांच्या अळ्या खाणारे भैकेर, चतुर आणि बेडूक तर तेथे आधीच होते.

आता त्या शिल्लक राहिलेल्या शेऱ्याविषयी. तळाशी बसणारे, गाळाच्या रंगाचे, हालचाल केली तरच दिसणारे तपकिरी भैकेर आपल्या तळ्यांत अनेक जातींचे असतात. शेताच्या बांधावरील लहान बेडकांचे भैकेरही असेच, चोच असलेले, डाव्या रंध्राचे, आणि नवख्याला त्यांत फरक करता येत नाही. पहिल्या वर्षी मी अंदाजाने नाव लिहून खोडले, दुसऱ्या वर्षी नावच लिहिले नाही. तिसऱ्या पावसाळ्यात आषाढाच्या अखेरीस त्यांतले तीन मी घरी वाढविले. हात बाहेर आले, शेपटी आखडत गेली, आणि एके सकाळी करंगळीच्या पेराएवढा, गोल पोटाचा एक बेडूक उतरत्या दगडावर चढून बसला. त्याला ओल्या मातीच्या कुंडीत ठेवला आणि भिंग लावले. मागच्या पायाच्या तळव्याला, टाचेच्या बाजूस, फावड्यासारखी एक कडक धार होती. त्याने एकदा डोळे मिचकावले, मागचे पाय आळीपाळीने बाजूला ढकलीत तो पाठमोरा मातीत शिरू लागला, आणि थोड्याच वेळात कुंडीत सपाट माती आणि दोन डोळे एवढेच राहिले. मग डोळ्यांवरही माती आली. मी आत जाऊन वहीचे जुने पान काढले, शेरा खोडला आणि त्याच्यापुढे ‘स्फेरोथेका, जमिनीत शिरणारा’ असे लिहिले. बाकीचे दोन अजून पाण्यात होते, त्यांचे हात यायचे होते.